पाणी सांडू न देता

रस्त्यावरची शर्यत आमच्या बोरी अरबला काही नवी नाही. आम्ही शाळेत होतो तेव्हा गावातली पोरं शकुंतलेशी शर्यत लावायची. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी आपली नॅरोगेज आगगाडी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं. ते १९९४ पर्यंत या मार्गावर धावलं. भाड्याची सायकल घ्यायची, रुळाच्या बाजूच्या पायवाटेनं निघायचं आणि इंजिन ड्रायव्हरला वाकुल्या दाखवत पुढं जायचं. बहुतेक वेळा आम्हीच जिंकायचो. कधी हरलोच तर चेन उतरली म्हणून. आता ती गाडी धावत नाही, रुळांवर गवत आहे आणि त्या वेळची पोरं माझ्यासारखी गुडघे धरून उठतात.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा पुतण्या. त्याचं वय एकोणीस. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचं शिकतो. मला बडे अब्बा म्हणतो, कारण मी त्याच्या वडिलांचा थोरला भाऊ. त्याचे वडील आज नाहीत. त्यांच्याबद्दल पुढं सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री त्याची आई माझ्याकडं आली. म्हणाली, ‘भाईजान, पोरगा रात्र रात्र मोबाईलवर गाड्यांच्या शर्यतीचं कार्टून बघतो. तुम्ही त्याला समजवा. माझ्या घरात पुन्हा गाडीचं वेड नको.’ तिच्या ‘पुन्हा’ या शब्दात काय होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, ‘दुल्हन, उद्याच समजावतो.’

कवी माणूस समजावण्यात पटाईत असतो, असा लोकांचा गैरसमज असतो. मी दुसऱ्या दिवशी भाषण तयार करून गेलो. पोरानं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘बडे अब्बा, तुम्ही ते पाहिलंय का?’ पाहिलं नव्हतं. न वाचलेल्या पुस्तकावर परीक्षण लिहिणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. आता माझीच पंचाईत झाली. म्हटलं, लाव बाबा, पाहू.

त्या कार्टूनचं नाव ‘इनिशियल डी’. जपानचे शुइची शिगेनो यांची ही चित्रकथा. १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षं एका साप्ताहिकात चालली, तिचे ४८ खंड झाले. १९९८ मध्ये तिच्यावरून हलत्या चित्रांची मालिका निघाली. पहिल्या पर्वाचे २६ भाग आहेत. आम्ही काका-पुतण्यानं ते महिनाभरात पाहिले. पहिले दोन भाग मी त्याला सुधारण्यासाठी पाहिले. पुढचे चोवीस भाग मी का पाहिले, ते सांगायला आज इथं आलो आहे.

गोष्ट साधी आहे. जपानमध्ये गुन्मा नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथं ताकुमी फुजिवारा नावाचा एक शाळकरी मुलगा राहतो. आई नाही. बापाचं टोफूचं दुकान. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. आपल्या वावरात जे सोयाबीन निघतं ते आपण विकून मोकळे होतो, ते लोक त्याचं पनीर करून रोज खातात. तर हा मुलगा रोज पहाटे गाडीत टोफू भरतो, घाट चढून डोंगरावरच्या हॉटेलात पोचवतो आणि घाट उतरून घरी येतो. सातवी-आठवीच्या वयापासून, पाच वर्षं, पावसात आणि बर्फातही. गाडी चालवण्याची त्याला हौस नाही. कंटाळाच आहे. गाडीच्या दारावर दुकानाचं नाव लिहिलंय, आपल्याकडं टेम्पोवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लिहितात तसं.

त्याच घाटात रात्री श्रीमंत पोरं नव्या गाड्या घेऊन शर्यती लावतात. एका पहाटे त्यांच्यातल्या एका नामी गाडीला ही टोफूची जुनी गाडी वळणावर मागं टाकून निघून जाते. तिथून कथा सुरू होते. मुलाला स्वतःला पत्ताच नसतो की आपण काही विशेष केलंय.

आता गाडीबद्दल. ती आहे टोयोटा कंपनीची स्प्रिंटर ट्रुएनो, तिचा क्रमांक एई ८६. ती १९८३ साली बाजारात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्याकडं मारुती ८०० आली होती, हे माझ्या पिढीला आठवत असेल. एई ८६ चं इंजिन १,५८७ सीसीचं, ताकद १३० अश्वशक्तीच्या आसपास, वजन हजार किलोच्या आत. आणि तिच्यासमोर कोण? निस्सान स्कायलाइन जीटी-आर, २८० अश्वशक्तीची, चारही चाकांना जोर देणारी. मझदाची आरएक्स-७. होंडाची सिव्हिक. मित्सुबिशीची लान्सर. म्हणजे गावच्या तालमीतला पोरगा हिंदकेसरीपुढं उभा करावा तशी गत.

मग हा पोरगा जिंकतो कसा? मला आधी वाटलं, कथाकाराची कृपा. हिरो आहे, जिंकणारच. पण पुतण्यानं मोबाईल थांबवून थांबवून मला समजावलं, आणि मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं. तुम्हालाही त्याच भाषेत सांगतो.

बैलगाडी बघा. बैल पुढं, गाडी मागं. बैल जिकडं वळतील तिकडं गाडी निमूट जाते. पुढच्या चाकांना जोर देणारी मोटार तशीच असते. मारुती ८०० तशी होती, ती होंडा सिव्हिकही तशीच. सरळ स्वभावाची, पण फार जोरात वळवली तर पुढची चाकं ऐकत नाहीत, गाडी वळणाच्या बाहेर ओढली जाते. आता हातगाडी बघा. भाजीवाला ती मागून ढकलतो. वळताना जोर जास्त झाला की हातगाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. मागच्या चाकांना जोर देणारी गाडी अशी असते. ती एई ८६ या जातीची. आणि काळ्या मातीच्या चिखलात रुतलेली कापसाची गाडी आठवा. पुढून बैल ओढतात, मागून चार माणसं खांदा लावतात. तो झाला चारही चाकांचा जोर. तो जीटी-आरचा.

आता ओझ्याचं बघा. बैलगाडीत माल मागं जास्त भरला तर गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. पुढं जास्त भरला तर बैलांच्या मानेवर भार येतो. कुठल्याही गाडीवानाला विचारा, माल किती भरला यापेक्षा कुठं भरला हे तो आधी बघेल. मोटारीत हे ओझं चालता चालता जागा बदलतं. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची चाकं हलकी होतात. जोर दिला की भार मागं जातो. वळलो की बाहेरच्या बाजूला. उत्तम चालक हा भार आपल्या पायांनी आणि हातांनी इकडून तिकडं नेत असतो. वळणाच्या तोंडाशी ब्रेक मारून मागची चाकं हलकी करायची, शेपूट घसरू द्यायची आणि घसरत असतानाच स्टिअरिंग उलट धरून गाडी वळणातून काढायची, याला ते लोक ड्रिफ्ट म्हणतात. शर्यतीत ही रीत सत्तरीच्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी या जपानी चालकानं गाजवली. पुढं केइची त्सुचिया या चालकानं ती घाटाच्या रस्त्यांवरून जगभर नेली. त्यांची आवडती गाडी हीच एई ८६, आणि या मालिकेतलं वाहन चालवणं खरं वाटावं म्हणून सल्लागारही तेच होते.

घाट उतरताना इंजिनाच्या ताकदीला फारसं काम उरत नाही. तिथं जोर लावायला उतार आहेच. तिथं प्रश्न थांबण्याचा आणि वळण्याचा असतो. जड गाडीचे ब्रेक तापतात, टायर तापतात आणि तापलेला टायर रस्ता सोडायला लागतो. कथेत जीटी-आरवाला असाच हरतो. वळणं संपता संपता त्याची पुढची चाकं ऐकेनाशी होतात. आमचे अब्बा कापसाच्या गाठींचा ट्रक चालवायचे. त्यांचा एक नियम होता, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनाला गाडी धरू दे, ब्रेकला विश्रांती दे. अब्बांनी जपान पाहिला नव्हता, पण हे त्यांना माहीत होतं.

गाडीच्या निवडीची एक मजाही त्यात आहे. ताकुमीचा एक मित्र आहे, इत्सुकी. मोठ्या हौसेनं, पैसे साठवून तो तशीच गाडी विकत घेतो. घरी आणल्यावर कळतं, ती एई ८६ नाही, एई ८५ आहे. दिसायला तीच, आत इंजिन कमजोर. सगळे पोट धरून हसतात. पोरगा रडकुंडीला येतो. मग ताकुमी त्याच्याच गाडीचं स्टिअरिंग हाती घेतो आणि टिंगल करणाऱ्यांना मागं टाकून दाखवतो. मला हा प्रसंग फार आवडला. बाजारातून बैल आणल्यावर त्याचे दात मोजून हसणारे लोक आपल्याकडंही असतात. त्यांना उत्तर द्यायचं तर वावरात.

शंकरपटाची आठवण झाल्याशिवाय कशी राहील? अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. काही सेकंदांची धाव असते, पण जोडी निवडायला धुरकरी दोन-दोन वर्षं घालवतो. दोन्ही बैल सारख्या ताकदीचे असून भागत नाही, त्यांचं पाऊल जुळलं पाहिजे. एक बैल अंमळ पुढं आणि दुसरा मागं, तर छकडा तिरपा जातो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. या सगळ्या वर्षांत माझ्या ओळखीचे किती तरी शहाणेसुरते लोक पटासाठी हळहळले. तेच लोक पोरांना म्हणतात, ‘काहून रे, हे गाड्या पळवायचं काय पाहतं?’ वेड तेच आहे. फक्त बैलाच्या जागी इंजिन आलं.

शिगेनो यांनी पुढं ‘एमएफ घोस्ट’ नावाची दुसरी कथा लिहिली. तिची मालिका २०२३ मध्ये आली. त्यात रस्त्यावर आपोआप चालणाऱ्या विजेच्या गाड्या आलेल्या आहेत. पेट्रोलची गाडी माणसानं हातानं चालवणं हा फक्त खेळ म्हणून उरला आहे, तोही रस्ता बंद करून. मी पुतण्याला म्हटलं, हे तर आपल्या बैलांचं झालं. ट्रॅक्टर आला, नांगराचा बैल गेला आणि पटाचा बैल लाखाला विकला जाऊ लागला. ज्या कामाची गरज संपते त्याची शर्यत होते.

आता मी मूळ गोष्टीवर येतो.

ताकुमीचा बाप, बुन्ता, हा तोंडात सिगारेट धरून बसणारा अबोल माणूस. तरुणपणी स्वतः नामांकित चालक होता. पोराला तो कधी गाडी शिकवताना दिसत नाही. तो फक्त एक करतो. गाडीत एका पेल्यात पाणी भरून ठेवतो आणि सांगतो, पाणी सांडता कामा नये. कशासाठी? तर टोफू फार नाजूक असतो, हिसका बसला की मोडतो. बस, एवढंच शिक्षण. पोरगा पाच वर्षं पाणी न सांडता घाट चढतो-उतरतो. पाणी सांडायचं नसेल तर ब्रेक हळू दाबावा लागतो, स्टिअरिंग हळू फिरवावं लागतं, एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूला हळू न्यावा लागतो. ज्याला हळुवारपणा जमला त्याला वेग आपोआप जमला. शर्यत जिंकायची म्हणून तो हे शिकला नाही. माल मोडू नये म्हणून शिकला.

हे मी पाहिलं आणि मोबाईल पालथा ठेवला. पुतण्यानं विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, डोळे दुखतात.’

माझा धाकटा भाऊ, या पोराचा बाप, दारव्हा ते यवतमाळ काळी-पिवळी जीप चालवायचा. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. हात इतका हलका की मागं बसलेल्या म्हाताऱ्या झोपायच्या. आठवडी बाजारातून अंडी घेऊन येणाऱ्या बाया दुसरी जीप सोडून त्याच्या जीपची वाट पाहत. पोटातलं बाळ आडवं आलेल्या एका बाईला त्यानं खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावरून असं यवतमाळला नेलं होतं की तिची सासू पुढं कित्येक वर्षं त्याला दुवा देत होती.

पण एक दुसरी गोष्टही खरी आहे आणि ती मी या पोराला कधीच सांगितली नव्हती. जीप भरलेली असली की तो असा असायचा. रिकामी झाली की त्याच्या अंगात वारं शिरायचं. रात्रीची शेवटची फेरी टाकून तो एकटा परत यायचा तेव्हा जीप उडवत आणायचा. गावात शिरताना त्याच्या हॉर्नवरून लोकांना कळायचं. आणि मी, त्याचा सुशिक्षित बीए झालेला मोठा भाऊ, मी काय केलं? मी त्याच्या वेगावर कविता लिहिली. एका कविसंमेलनात ती वाचली. लोकांनी टाळ्या दिल्या, पुन्हा वाचायला लावली. तो पहिल्या रांगेत बसला होता. त्याचा फुललेला चेहरा मला अजून दिसतो.

२००९ चा नोव्हेंबर. कापसाचे दिवस. रात्री साडेनऊच्या सुमाराला, रिकामी जीप घेऊन तो गावाकडं येत होता. रस्त्याच्या कडेला कापसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागं लाल दिवा नव्हता. एवढंच.

दिवा नसलेल्या ट्रॉलीला आम्ही पुष्कळ शिव्या दिल्या. त्या द्यायलाच हव्या होत्या, आजही हव्यात. पण पुतण्याबरोबर हे सगळं समजून घेताना मी एक हिशोब केला. ताशी ऐंशीच्या वेगानं गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. समोर काही आहे हे डोळ्याला कळून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच बावीस मीटर गेले. त्यापुढं थांबायला, कोरड्या रस्त्यावर आणि चांगले ब्रेक असताना, आणखी पस्तीस-चाळीस मीटर. ताशी चाळीसच्या वेगात हाच सगळा हिशोब वीस-बावीस मीटरमध्ये आटोपतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. जीपचा डिपर किती दूर दाखवतो? मी ती कविता लिहिली तेव्हा हा हिशोब मला येत नव्हता. त्यानंतर ती कविता मी कुठंही वाचली नाही. कुठल्या संग्रहातही घेतली नाही.

त्या कार्टूनमध्येही हीच गोष्ट आहे, फक्त तिच्याकडं कुणी बोट दाखवत नाही. टोफू घाट चढताना असतो. उतरताना गाडी रिकामी असते. सगळे पराक्रम रिकाम्या गाडीचे आहेत. भरलेल्या गाडीचा धाक असतो, रिकाम्या गाडीत चालक आपल्यालाही माल समजत नाही.

मी पुतण्याला सांगितलं, बाबा, ही कथा खरी आहे तेवढीच खोटीही आहे. तिच्यात रस्ता रात्री मोकळा असतो. वळणावर उभे राहून समोरून गाडी येते का सांगणारी माणसं असतात. नायकाला एकच घाट पाच वर्षं पाठ आहे. रस्त्याकडेच्या नालीत आतली चाकं घालून तो वळण काढतो, कारण ती नाली त्याला आपल्या अंगणासारखी ठाऊक आहे. आपल्या रस्त्यावर आज नाली आहे, उद्या तिथं खड्डा आहे, परवा तिथं म्हैस बसली आहे. दिवे बंद करून गाडी पळवणं, हात स्टिअरिंगला चिकटपट्टीनं बांधून शर्यत लावणं, हे प्रकार त्यात आहेत. चित्रातला माणूस पुढच्या भागात पुन्हा येतो. आपल्या घरातला आला नाही.

पोरगा म्हणाला, ‘बडे अब्बा, मला ते माहीत आहे. मी शर्यत लावायला नाही बघत. त्या कार्टूनवालेच सांगतात की वाहतुकीचे नियम पाळा, ही काल्पनिक कथा आहे.’

‘मग काय बघतोस?’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘अब्बांची जीप मागून ढकलणारी होती ना? हातगाडीसारखी?’

‘हो.’

‘मला वाटलंच होतं. त्या ताकुमीला त्याच्या अब्बांनी काही न बोलता शिकवलं. माझे अब्बा कशी चालवायचे ते मला घरात कुणी सांगतच नाही. विचारलं की अम्मी रडते, तुम्ही उठून जाता.’

श्रोतेहो, मी तीस-पस्तीस वर्षं कविता लिहितो आहे. मराठीत लिहितो, कारण मला जगातलं जे काही कळलं ते या भाषेत कळलं. पण त्या पोराला द्यायला माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं. सोळा वर्षं आम्ही त्याच्यापासून गाड्या लपवल्या आणि गाड्यांबरोबर त्याचा बापही लपवला. तो बापाला शोधत जपानच्या घाटात जाऊन पोचला.

त्या रात्री मी त्याला सगळं सांगितलं. झोपणाऱ्या म्हाताऱ्यांचं सांगितलं, अंड्यांचं सांगितलं, बाळंतिणीचं सांगितलं. आणि रिकाम्या जीपचंही सांगितलं. माझ्या कवितेचंही सांगितलं. वाटलं, रागावेल. तो म्हणाला, ‘अंडी खरंच फुटायची नाहीत?’ मी म्हटलं, ‘एकदा एक फुटलं होतं. त्यानं त्याचे पैसे दिले होते.’ तो हसला. बापाची ती गोष्ट त्याला सगळ्यात जास्त आवडली असावी.

यंदा त्यानं शिकाऊ परवाना काढला आहे. माझ्या एका मित्राची जुनी ओम्नी आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, जोर मागच्या चाकांना. मित्र चालवण्यात मुरलेला आहे, तो शेजारी बसतो. मी मागं बसतो. मी स्वतः आजवर गाडी शिकलो नाही, त्या नोव्हेंबरनंतर हिंमत झाली नाही. पहिल्या रविवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा पोरानं घरातून स्टीलचा ग्लास मागितला, पाण्यानं भरलेला. त्याच्या आईला आम्ही आधी सगळं सांगितलं होतं. ती नाही म्हणाली नव्हती, हो पण म्हणाली नव्हती. ती आत गेली. ग्लास भरून आणला, काठोकाठ. पोराच्या हातात न देता माझ्या हातात दिला.

त्या दिवशी क्लच सोडताना गाडीनं जो हिसका दिला त्यात अर्धा ग्लास माझ्या पायजम्यावर आला. दुसऱ्या रविवारी पाव ग्लास सांडला. परवाच्या रविवारी आम्ही लाडखेडच्या बाजूला जाऊन परत आलो, ताशी तीसनं. मागून सायकलवाले आमच्याकडं बघत होते. शकुंतलेचा ड्रायव्हर आमच्याकडं बघायचा तसं मी त्यांच्याकडं बघितलं. घरी आलो तेव्हा ग्लासात बोटभर कमी पाणी होतं. दुल्हननं ग्लास घेतला, उजेडात धरून पाहिला आणि चहा ठेवायला आत गेली.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातलं पोर रात्री मोबाईलवर काही बघत असेल तर रागावण्याआधी एकदा शेजारी जाऊन बसा. त्यात वाईट काही असेल तर तेही कळेल. आणि गाडी चालवत असाल, विशेषतः रात्री, विशेषतः घरी परत येताना रिकाम्या गाडीनं, तर एक ग्लास पाणी जवळ ठेवा. खरा ठेवला नाही तरी चालेल, आहे असं समजा. आणि रस्त्यावर ट्रॉली उभी करावी लागली तर मागं लाल दिवा लावा, किमान चमकणारी पट्टी तरी चिकटवा. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.